पंगतीत आई कुठं होती?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. तुम्हालाही आला असेल. चुलीचा फोटो, टोपलीत भाकरी, भिंतीला कंदील आणि खाली मजकूर: पूर्वी सोयी नव्हत्या, पण अख्खं घर एका पंगतीत जेवायचं, आता गॅस आहे, मिक्सर आहे, फ्रीज आहे, पण एकत्र बसून जेवायला कुणाला वेळ नाही. त्याखाली काकांचे जोडलेले हात, मामांचा अंगठा, आत्याचं रडकं तोंड.

मी तो मजकूर आईला वाचून दाखवला. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकत्र कोण जेवायचं रं? तुमी जेवायचे. मी तव्यापशी व्हते."

त्या एका वाक्यावर ही पोस्ट आहे. लांब झालीय, पण इतिहास आपल्याच जिल्ह्याचा आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात जात्यापासून करू.

आपल्या जिल्ह्याचे खाण्याच्या बाबतीत दोन भाग पडतात. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा पट्टा, तिथं ऊस आणि गहू. दक्षिणेला पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी, इथं बाजरी आणि रब्बीची ज्वारी. आता बाजरीचं पीठ ठेवून चालत नाही, थोड्या दिवसांत कडू होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते. म्हणजे महिन्याचं दळण एकदम करून डबा भरून ठेवला, असं भाकरीच्या मुलखात होत नाही. पीठ ताजं लागतं. आणि ताजं पीठ म्हणजे रोज पहाटेचं जातं.

कोंबडा आरवायच्या आत उठायचं. सुपात धान्य घ्यायचं, जात्याच्या तोंडात मुठीमुठीनं वैरण घालायची आणि खुंटा धरून ओढायचं. एकटीला जड जातं म्हणून सासू-सून नाहीतर जावा-जावा समोरासमोर बसायच्या. खाणारी आठ-दहा तोंडं असली की दीड-दोन तास जात्यावरच जायचे, असं आजी सांगायची. त्यानंतर पाणी, शेणकूर, चूल, भाकरी. आणि त्यानंतर रान. जात्याचे दात झिजले की टाकीवाली यायची, दगडाला टाकी लावून द्यायची. मग दोन दिवस पिठात कचकच लागायची.

त्या जात्यावर बायकांनी काय काय म्हणून ठेवलंय ते बघायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जमवलेला ओव्यांचा संग्रह बघा. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात. भाऊ, माहेर, सासुरवास, विठ्ठल, सीता, आंबेडकर, सगळं आहे. आपण त्याला लोकसाहित्य म्हणतो आणि कौतुक करतो. कौतुक करायलाच पाहिजे. पण हेही लक्षात ठेवू, की बायांना मनातलं बोलायला दिवसातनं हीच एक जागा होती आणि तिथंही हात रिकामे नव्हते.

जात्याची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. हेमाडपंतांच्या साईसच्चरित्राच्या पहिल्याच अध्यायात ती येते. १९१० च्या सुमारास शिर्डीत एका सकाळी साईबाबा मशिदीत जातं मांडून गहू दळायला बसले. ही बातमी गावात पसरली, गर्दी झाली. कुणाची विचारायची छाती होईना. तेवढ्यात गर्दीतून चार बायका पुढे झाल्या, बाबांच्या हातातून खुंटा घेतला आणि ओव्या म्हणत सगळं दळून टाकलं. बाबांना ना घर ना संसार, मग एवढं पीठ कशाला, असं म्हणून त्यांनी पिठाचे वाटेही घातले. तेव्हा बाबा रागावले आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला सांगितलं. गावात पटकीची साथ होती.

भक्तांसाठी या गोष्टीचा अर्थ वेगळा आहे आणि त्याला मी हात लावत नाही. मला फक्त त्यातला साधा संसारी भाग दिसतो. एक पुरुष जात्यावर बसला, ही गोष्ट गाव गोळा व्हायला पुरेशी होती. आणि बघणाऱ्यांत पुरुषही असणारच, पण खुंटा हातात घ्यायला पुढं झाल्या त्या बायकाच. ते जातं आजही द्वारकामाईत आहे. पुढच्या वेळी दर्शनाला गेलात की त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघा.

मग गिरणी आली.

आधी तालुक्याच्या गावाला, मग बाजाराच्या गावाला, मग खेड्यात. वीज यायच्या आधी ती ऑईल इंजिनावर चालायची. पुकपुक आवाज शिवारात ऐकू गेला की समजायचं गिरणी चालू झाली. जातं सुटलं. बाईच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी सुटका असेल, वीज आणि गॅसपेक्षाही मोठी. आपण तिची जयंती साजरी करत नाही एवढंच.

पण त्या वाचलेल्या दोन तासांचं झालं काय? मी आमच्या गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना हे विचारलं. सगळ्यांचं उत्तर जवळजवळ एकच. "रानात लवकर जाया लागले." कुणीही म्हणालं नाही की दोन तास जास्त झोपले, किंवा घरच्यांबरोबर निवांत बसून जेवले. वर दळण डोक्यावर घेऊन गिरणीत जायचं, नंबर लावायचा हे नवं काम आलं. पुढं भारनियमनाच्या काळात तर रात्री लाईट आली की गिरणीपुढं बायकांची रांग लागायची, ते आपल्या पिढीनंही पाहिलंय.

यंत्रानं वेळ वाचवला, पण तो वेळ कुणाच्या नावावर जमा झाला हे कुणी विचारलं नाही. पुढचा सगळा इतिहास याच धाग्यावर आहे.

मधेच एक गंमत सांगतो, नगरच्या भुईकोट किल्ल्यातली. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या बाकी नेत्यांना पकडून तिथं ठेवलं. तिथं नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं आणि आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं. हे आपण अभिमानानं सांगतो. त्या पत्रांत आझादांनी एका स्वयंपाक्याचा किस्सा लिहिलाय. या बड्या कैद्यांसाठी बाहेरून स्वयंपाकी आणला. पण आतली खबर बाहेर जाऊ नये म्हणून आत आलेल्याला बाहेर सोडायचं नाही असा हुकूम. झालं, तो बिचारा स्वयंपाक करायला आला आणि स्वतःच कैदी होऊन बसला. त्याच पत्रांत आझाद हेही सांगतात, की पहाटे उठून आपला चहा ते आपल्या हातानं करायचे, आणि त्यात त्यांना किती आनंद होता.

मोठी माणसं, मोठे ग्रंथ, त्याबद्दल आदरच आहे. पण कुणीतरी लिहायला मोकळा असतो तेव्हा दुसरं कुणीतरी चुलीपाशी अडकलेलं असतं, याचं इतकं नेमकं उदाहरण नगरच्या किल्ल्याइतकं दुसरीकडं सापडणार नाही. आणि पुरुषानं स्वतःचा चहा स्वतः केला तर ग्रंथ लिहायचे राहत नाहीत, हेही त्यातच आलं.

आता १९७२. त्या दुष्काळाबद्दल नगर जिल्ह्याला काही सांगायची गरज नाही. पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची कामं. उन्हात खडी फोडायला निम्म्या बायकाच असायच्या. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापायला वैताग आणि खायला त्याहून वैताग. पोरांना सुकडी मिळायची, तिची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. तो घडवण्यात वि. स. पागे यांचा मोठा वाटा. बाई आणि बाप्याला सारखी मजुरी, कामावर सावली, पिण्याचं पाणी, लहान लेकरांसाठी पाळणाघर, हे सगळं त्या योजनेत आलं. त्या काळात ही फार पुढची गोष्ट होती. सरकारनं मान्य केलं, की कामावर आलेल्या बाईच्या कडेवर लेकरू असतं.

पण ती बाई कामावर येताना सगळ्या घराच्या भाकरी थापून आलीय आणि परत जाऊन पुन्हा थापणार आहे, हे कुठल्याही हजेरीपटात आलं नाही. तिथं तिचा दिवस आठ तासांचा होता. घरी तो पहाटे चारला सुरू व्हायचा.

उत्तरेला याच काळात वेगळी क्रांती चालू होती. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. त्यातून शाळा, दवाखाने, कॉलेजं आली. उत्तर नगरच्या घरांत पैसा आला, पक्की स्वयंपाकघरं आली. हे खरंय आणि मोठं आहे. पण त्या उसाला कोयता लावायला दक्षिणेतून पाथर्डी, शेवगाव, जामखेडची आणि शेजारच्या बीडची माणसं आली. अजून येतात. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसं, पण मोजणीत एक. उचल त्या जोडीची, तीही बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात.

या बाईचं घड्याळ बघा. पहाटे तीन-चारला कोपीपुढं तीन दगडांची चूल पेटते. दोन वेळच्या भाकरी एकदमच थापून फडक्यात बांधायच्या, कारण फडात चूल नाही. उजाडायच्या आत फड. दिवसभर मोळ्या. संध्याकाळी गाडी भरायची, कधी रात्रीसुद्धा. मग पुन्हा चूल. पाच-सहा महिने हेच. लेकरं एकतर कोपीवर, नाहीतर गावाकडं म्हाताऱ्यांपाशी. आता वसतिगृहाची योजना आलीय, संत भगवानबाबांच्या नावानं. ती नीट चालली तर निदान लेकरांची ताटं तरी वेळेवर पडतील. ज्या उसानं अर्ध्या जिल्ह्याला मिक्सर आणि फ्रीज दिले, तो तोडणारीच्या वाट्याला अजून तीन दगडच आहेत. "पूर्वी चुलीवरची चव काय होती राव" असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरच्या पहाटे एकदा कोपीपाशी जाऊन बसावं.

गावातल्या आणि शहरातल्या घरांत तोवर एकेक वस्तू येत गेली. वातीचा स्टोव्ह, पंपाचा स्टोव्ह. स्टोव्हनं धूर कमी केला, लाकडं आणायचा फेरा वाचवला. त्याच स्टोव्हच्या नावानं पेपरात रोज एक चौकट यायची, 'स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू'. सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, हे गावाला माहीत असायचं. १९८३ मध्ये कायद्यात ४९८-अ हे कलम आलं त्यामागं अशा मेलेल्या पोरी आहेत. सोयीचा इतिहास लिहिताना ही ओळ गाळून चालणार नाही.

मग कुकर. हॉकिन्स कंपनी निघाली १९५९ मध्ये. मग मिक्सर. 'सुमीत'ची गोष्ट तर मजेशीर आहे. सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते, त्यांच्या पत्नीचा परदेशी मिक्सर आपलं वाटण वाटता वाटता बंद पडला. त्यातून १९६३ मध्ये आपल्या चटण्या-मसाल्यांना पुरून उरेल असा मिक्सर बाजारात आला. पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. गॅसला मात्र वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. खासदारांच्या कोट्यातून कनेक्शन मिळालं तर पेढे वाटायचे लोक. मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली आणि गॅस वाडी-वस्तीवर पोचला.

पण पोचला म्हणजे पेटला असं नाही. कितीतरी घरांत गॅसवर फक्त चहा होतो, आलं-गेलं होतं. भाकरी अजून चुलीवर, कारण सिलिंडर भरायला पैसे लागतात आणि तुराट्या, पऱ्हाट्या, वेड्या बाभळीचा फाटा फुकट मिळतो. फुकट म्हणजे काय, तर तो आणायला जाणाऱ्या बाईच्या वेळेला भाव नाही.

बरं, ज्या घरांत सगळं आलं तिथं तरी वेळ मिळाला का? अमेरिकेतल्या रूथ श्वार्त्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की घरात यंत्रं आली तेव्हा पुरुषांची आणि पोरांची घरातली कामं गेली, लाकूड फोडणं वगैरे. पण आईची गेली नाहीत, कारण यंत्राबरोबर अपेक्षाही वाढल्या. ते वाचताना मला वाटलं, या बाई आमच्या गल्लीत राहून गेल्यात की काय.

बघा ना. आजीच्या काळात जेवण म्हणजे भाकरी, एक कोरड्यास नाहीतर कालवण, ठेचा, कांदा. भात सणाला. कुकर आला तसा भात रोजचा झाला. गव्हाची चपाती पाहुण्यापुरती होती, ती डब्यापुरती झाली. मिक्सर आला तशी चटणी, इडलीचं पीठ, पावभाजी. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. वाटी-चमच्याच्या मापानं कुणालाही जमेल असा स्वयंपाक त्यांनी शिकवला, लग्नात आहेर म्हणून ते पुस्तक जायचं. चांगलंच झालं. पण दोन पदार्थांच्या ताटाची जागा सहा पदार्थांनी घेतली. आता सकाळचा चहा, नाश्ता, पोरांचा छोटा डबा आणि मोठा डबा, एमआयडीसीत जाणाऱ्याचा डबा, दुपारचं, संध्याकाळचं काहीतरी, आणि रात्रीचं. त्यात नगरच्या नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत घरातली दोन माणसं वेगवेगळ्या पाळीला असली की एकाच घरात तीन वेळा ताटं वाढायची. गॅस आहे म्हणून गरम करून देणं सोपं, आणि सोपं आहे म्हणून प्रत्येकाला वेगळं गरम करून देणं आलं.

आकडे सांगतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटं. तेही जे करतात त्यांचीच सरासरी. असं काही काम करणारे पुरुष शंभरातले २६, बायका ८१. हेच सर्वेक्षण २०२४ मध्ये पुन्हा झालं. बायका २८९ मिनिटं, पुरुष ८८. म्हणजे मधल्या पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली. आपण बरोबरीनं पुढं चाललोय.

आता परत आईच्या वाक्यावर येतो. "मी तव्यापशी व्हते."

मी नंतर तिला खोदून विचारलं, की का? जागा नव्हती का? कुणी बसू नको म्हणायचं का? ती म्हणाली, "तुझ्या आज्याला गरम भाकर लागायची. तुझ्या बापालाबी. तव्यावरनं ताटात. मंग थापणारी कव्हा बसंल?"

इतकं साधं आहे हे. 'तव्यावरून ताटात' ही आपल्याकडची प्रेमाची आणि मानाची खूण. पण ज्या घरात भाकरी तव्यावरून ताटात पडते, त्या घरात एक माणूस पंगतीत नसतोच. गरम भाकरी आणि अख्खं घर एका पंगतीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत नाहीत. पूर्वीच्या पंगतीचं आपण जे गोड चित्र काढतो त्यात आधी पुरुष आणि पाहुणे, मग पोरं, आणि शेवटी चुलीच्या उजेडात परातीत उरलंसुरलं घेऊन बसलेल्या बायका. ते एकत्र जेवण नव्हतं. ती वाढप होती. आणि गॅस, मिक्सर, फ्रीज यातल्या कशानंही हा क्रम आपोआप बदलला नाही.

म्हणून मला वाटतं, एकत्र जेवण ही हरवलेली जुनी गोष्ट नाहीच. आपल्याकडं ती अजून पुरती आलेलीच नाही. ती आपल्याला नव्यानं आणायची आहे.

आणता येते का? येते. चार माणसांनी हात लावला की स्वयंपाक कसा होतो हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक आहे? सराला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहात आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. कढया ढवळायला पुरुष असतात, मोठमोठी पातेली उचलायला तरणी पोरं असतात, पंगती वाढायला कंबर बांधून गावचे पुढारीसुद्धा असतात. लाजत कुणी नाही. भाकरी मात्र गावोगावच्या घरांतून गाड्या भरून येतात, आणि त्या कुणी थापल्या हे सांगायला नको. सप्ताहात वाढपी होणारा गडी घरी आल्यावर तांब्या मागतो. कौशल्य आहे, फक्त ते उंबऱ्याच्या आत येत नाही.

शिर्डीच्या प्रसादालयात २००९ पासून उन्हाच्या वाफेवर स्वयंपाक होतो. छतावर ७३ मोठ्या तबकड्या बसवल्यात, त्यातून वाफ तयार होते आणि रोज हजारो माणसं जेवतात. म्हणजे मनात आलं तर आपण सूर्यालाही स्वयंपाकाला लावतो. शाळेत १९९५ पासून पोषण आहार आला, आता तिथं पोरांना शिजवलेलं मिळतं. लाखो आयांच्या दुपारचा तो भार सरकारनं उचलला, पण ती खिचडी शिजवणारी गावातलीच बाई तुटपुंज्या मानधनावर राबते. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. बचत गटांची पोळी-भाकरी केंद्रं गावोगाव निघालीत. नोकरी करणाऱ्या बाईनं तिथून चार भाकरी घेतल्या तर लोक अजून नाकं मुरडतात. का बरं? पीठ गिरणीतून आणलं तेव्हा आजीलाही कुणीतरी बोललंच असणार, की जात्याची चव नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सिलिंडर भरणं परवडेल असं करा. ऊसतोडणीच्या लेकरांची वसतिगृहं हंगाम सुरू व्हायच्या आधी उघडा, हंगाम संपताना नाही. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना जगण्यापुरता पगार द्या. बचत गटाच्या भाकरी केंद्राला बाजारात, एसटी स्टँडवर हक्काचा गाळा द्या. जिल्ह्याला चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव दिलंय, तर त्या नावाला शोभेल एवढं तरी करू.

आणि घरात? घरात सरकार येणार नाही. तिथं आपणच.

आम्ही आमच्या घरात महिन्यापूर्वी एक ठरवलं. शेवटची भाकरी तव्यावरून उतरल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. भाकरी फडक्यात गुंडाळून टोपलीत. गार होते थोडी, होऊ दे. ताटं पोरं घेतात, पाणी मी भरतो, पिठलं-भाजी मधे ठेवतो, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. भाकरी थापायला मीही शिकतोय. नकाशासारख्या होतात, पण गिळता येतात.

पहिल्या दिवशी आईला पंगतीत बसवलं तर तिला काही जेवण जाईना. दर दोन घासांनी उठायची. मीठ आणते, कांदा आणते, बघते दूध उतू जातंय का. गॅस बंद होता. चौथ्या-पाचव्या दिवशी जरा सावरून बसली. एक घास खाल्ला, थांबली आणि म्हणाली, "मीठ जरा जास्तीच टाकीत आले मी एवढी वर्सं. तुमी बोल्ले न्हाई कधी."

आम्ही कसे बोलणार? आणि तिला तरी कसं कळणार? ती जेवायला बसायची तेव्हा आम्ही हात धुऊन उठलेलो असायचो.

तुमच्या घरी जातं कधी सुटलं, गॅस कधी आला, आणि तुमची आई पंगतीत कधी बसली, हे आज घरी विचारा. जमलं तर खाली लिहा. पुस्तकात न आलेला आपल्या जिल्ह्याचा इतिहास तोच आहे.